विचारायचं कुणाला?

(पालम, जि. परभणी इथं बचत गटांच्या बायकांच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या सासूबायांनो,

मला विषय दिलाय 'स्त्रियांचं आरोग्य'. विषय लांबरुंद आहे. रक्त कमी असणं, बाळंतपण, कुपोषण, सगळंच त्यात येतं. मी त्यातलं एकच टोक धरणार आहे. आपल्याला खालच्या अंगाचं काही दुखणं झालं, तर ते आपण विचारतो कुणाला? आणि विचारल्यावर आपल्याला मिळतं काय?

शिकलेली माणसं म्हणतात, खेड्यातल्या बायका अडाणी आणि लाजाळू. दुखणं अंगावर काढतात, विचारत नाहीत. वीस वर्षं मी या भागात गटांचं काम करतेय आणि माझा अनुभव उलटा आहे. बाई विचारते. एकीला नाही, दहा जणांना विचारते. फक्त सरळ विचारत नाही, कारण सरळ विचारणाऱ्या बाईचं काय होतं ते तिनं पाहिलेलं असतं.

एकदा बाजाराच्या दिवशी मी एका मेडिकलवर उभी होते. बाजूला एक बाई, तोंडावर पदर, दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट बघत होती. पंधरा-वीस मिनिटं तशीच उभी. सगळे पुरुष गेले तेव्हा पुढं झाली आणि म्हणाली, ''भाऊ, अंगावरून जातंय त्याच्या गोळ्या द्या. मला नाही वो, जावंला पाहिजेत.'' दुकानातला पोरगा वीस-बावीस वर्षांचा. लाल जातंय का पांढरं, किती दिवसांपासून, वास येतो का, खाज आहे का, पोटुशी तर नाही ना, काही विचारलं नाही. चार गोळ्या कापून कागदात बांधल्या, पैसे घेतले. मी तिच्या मागोमाग गेले. म्हटलं, ''कुठं असते जाऊ?'' ती हसली. म्हणाली, ''कुठली जाऊ न् काय माय, मीच की.''

इथं बसलेल्यांपैकी कितीजणींनी असं जावेच्या, नाही तर शेजारणीच्या नावावर विचारलंय? हात वर करा बरं. (हशा. बरेच हात वर.) बघा, एवढ्या जावा आहेत आपल्या.

आता आपली भाषा बघा. डॉक्टरपुढं गेल्यावर आपण काय सांगतो? कंबर दुखते. अशक्तपणा वाटतो. हातपाय गळतात, चक्कर येते. 'धुपणी' हा शब्द फक्त आपापसात. 'मायांग खाली येतंय' हे तर नवऱ्यालाही सांगत नाही. डॉक्टरला ऐकू येतं ते कंबर. तो एक इंजेक्शन देतो, कॅल्शियमच्या गोळ्या देतो, आपण पैसे देऊन घरी येतो. दुखणं जिथल्या तिथं.

सांगायचं ठरवलं तरी वाट मोठी असते. सासूला सांगितलं तर 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं' असं ऐकायला मिळतं, आणि नाही तर थेट चारित्र्यावर. माहेरी गेल्यावर आईला सांगता येतं, पण आईकडं उत्तर नसतं, तिचंही तेच दुखणं असतं. पूर्वी सुईण होती. तिला सगळं उघड सांगता यायचं, हाताला तिच्या अनुभव होता, पण तिची विद्या बाळंतपणाची. मग कुणी अंगारा देतं, कुणी झाडपाला, कुणी पथ्य. गावात आशाताई आहे, पण ती कुणाची तरी भावजय असते, गोष्ट गावभर होईल ही भीती. शेवटी पालमचा दवाखाना, तिथून इकडं गंगाखेड-परभणी, तिकडं लोहा-नांदेड. त्या एका खेपेसाठी एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, सोबत माणूस लागतो आणि घरी कारण सांगावं लागतं.

हे फक्त आपल्याच गावात आहे असं समजू नका. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांत एक अभ्यास केला. घरोघरच्या साडेसहाशे बायका आतून तपासल्या. दुखणं सांगायला आलेल्याच नाहीत, काही तक्रार नाही म्हणणाऱ्यासुद्धा. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला. सरासरी काढली तर दर बाईमागे साडेतीनपेक्षा जास्त आजार. आणि त्याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या बायका किती? शंभरात आठ. तोपर्यंत सरकारी आरोग्य कार्यक्रमाला बाई म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी एवढीच माहीत होती. पोट आलं की कार्ड, ऑपरेशन झालं की कार्ड बंद. पुढची तीस-चाळीस वर्षं तिला शरीर नसतंच जणू.

आता माझं सांगते.

माझं लग्न सतराव्या वर्षी झालं. एकविसाव्या वर्षापर्यंत दोन लेकरं, बाविसाव्या वर्षी नसबंदी. त्यानंतर अंगावरून पांढरं जायला लागलं. वास यायचा, खाज असायची, कंबर भरून यायची. आठ वर्षं मी ते सहन केलं. कापसाच्या रानात वाकून वेचणी करायची आणि संध्याकाळी विहिरीवर चोरून लुगडं धुवायचं. एकतिसाव्या वर्षी नवऱ्यानं एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटावरून मशीन फिरवलं. आतून तपासलं नाही. नवऱ्याकडं बघून म्हणाले, ''पिशवीला सूज आहे. ठेवली तर पुढं कॅन्सर होऊ शकतो. लेकरं झालीत ना? मग कशाला ठेवायची?''

मी घाबरत घाबरत विचारलं, ''गोळ्यांनी नाही का बरं होणार?'' उत्तर मला आलंच नाही, नवऱ्याला आलं. ''ठरवून सांगा, उद्या ऑपरेशनचा दिवस आहे.''

'कॅन्सर' शब्द ऐकल्यावर कोण थांबणार? दोन शेळ्या विकल्या, भावाकडून उसने आणले आणि तिसऱ्या दिवशी माझी पिशवी गेली. कागद म्हणून हातात आलं ते फक्त बिल. पुढच्या वर्षभरात अंगाची आग व्हायला लागली, रात्री घामानं जाग यायची, गुडघे धरले, चिडचिड वाढली. बाया म्हणाल्या, ऑपरेशनचा अशक्तपणा. नऊ वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की माझे दोन्ही बीजकोशही काढलेले आहेत. ज्यांच्यामुळं पाळी येते, हाडं मजबूत राहतात, ते बीजकोश. माझ्या शरीरातून काय काढलं हे मला नऊ वर्षांनी कळलं.

मी अडाणी होते म्हणून हे झालं असं मी बरीच वर्षं मानत होते. आता मानत नाही. मी विचारलं होतं. एकच प्रश्न होता आणि तो अगदी बरोबर होता. उत्तर दिलं गेलं नाही.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण बाहेर आलं. आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात आकडा सांगितला : तीन वर्षांत ९९ खासगी दवाखान्यांत ४६०५ गर्भाशयाची ऑपरेशनं. पुढं सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायका तपासल्या, त्यातल्या १३ हजार ८६१ बायकांच्या पिशव्या गेलेल्या होत्या. म्हणजे सहा जणींमागे एक.

आपल्याकडूनही बाया कोयत्यावर जातात, तुम्हाला सांगायला नको. पालात राहणं, आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर. एक दिवस काम चुकलं तर खाडा. उचल फिटायची असते. अशा बाईला जंतुसंसर्ग होणारच. त्यावर खरी औषधं आहेत पाणी, आडोसा, विश्रांती आणि गोळ्या. ती कुणी देत नाही. 'पिशवीच काढून टाक, कटकट गेली' हा सल्ला मात्र फुकट मिळतो, आणि त्या सल्ल्याची किंमत मग पुढं मोजावी लागते. मुकादमालाही ते सोयीचं, नवऱ्यालाही सोयीचं. माहितीच्या जागी भीती विकली गेली.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही, हे नीट ऐका. खरा कॅन्सर असेल, रक्तस्राव औषधानंही थांबत नसेल, मोठ्या गाठींनी त्रास होत असेल, अंग फार बाहेर येत असेल, तर पिशवी काढावी लागते आणि त्यानं जीव वाचतो. पण पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत पाण्यासारखं, ताणलं जाणारं पांढरं जातं ते निसर्गाचं आहे, तो आजारच नाही. दह्यासारखं जातं आणि खाज येते, हिरवट-पिवळं फेसाळ जातं, घाण वास येतो, तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग. तो गोळ्यांनी बरा होतो. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, याला मात्र एक दिवसही घरी बसू नका.

आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती असेल, तर त्याची तपासणी आहे. याचा मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातच तयार झाला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. एका गटातल्या ३४ हजार बायकांना एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी दिली गेली. साधारण आठ वर्षांत त्यांतल्या ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न मिळालेल्या साडेएकतीस हजारांच्या गटातल्या ६४ जणी गेल्या. त्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढं डॉक्टरांमध्येच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या. पण त्यांच्यामुळं आज आपल्याला पक्कं माहीत आहे की वेळेवर तपासलं तर जीव वाचतो. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी धरलेली आहे. पिशवीच्या तोंडाला औषधी सिरका लावून बघतात, दोन-पाच मिनिटांचं काम. मागून घ्या. पाच वर्षांनी एकदा तपासणी करून घेणं बरं, का भीतीपोटी पिशवी काढून टाकणं बरं, तुम्हीच सांगा.

माहिती देणं आणि मागणं याला आपल्याकडं फार जुना विरोध आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक शरीराबद्दल, संबंधांबद्दल प्रश्न लिहून पाठवायचे, ते छापील उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिलं. लोकांनी प्रश्न विचारले आणि एका माणसानं खरी उत्तरं दिली, एवढाच तो गुन्हा.

पुढं बायकांनी हे काम स्वतः हातात घेतलं. राजस्थानात १९८०च्या दशकात गावातल्या साथिणींनी शिबिरांत बसून 'शरीर की जानकारी' नावाचं पुस्तक केलं. लेखक म्हणून ७५ जणींचा हक्क. पहिल्यांदा उघड्या बाईचं चित्र काढलं, तर गावच्या बाया म्हणाल्या, अशी बाई आम्ही कुठं बघतो? मग चित्रात घागरा-ओढणी घातलेली बाई काढली आणि घागऱ्याचा कागद उचलला की आतलं शरीर दिसेल अशी सोय केली. आपल्या पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात 'मासूम'नं गावातल्या बायकांना आतली तपासणी शिकवली. आरसा आणि स्पेक्युलम घेऊन बाईनं स्वतःच्या पिशवीचं तोंड स्वतः बघायचं. शेतमजूर बाया हे शिकल्या, दुसऱ्यांना तपासू लागल्या. आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

आता मोबाईल आलाय. पोरी म्हणतात, मावशी, सगळं त्यात असतं. खरंय, चांगल्या डॉक्टरांची बोलणीही त्यात आहेत, तीही मराठीत. पण मोबाईल कुणाचा? नवऱ्याचा, नाही तर पोराचा. काय बघितलं ते त्याला दिसतं. आणि 'पांढरं जाणं' एवढं बोललं की आधी कुणाची तरी पावडर विकायला येते, मग कॅन्सरची भीती. मेडिकलवरच्या पोरासारखाच तोही किती दिवसांपासून, वास येतो का, विचारत नाही. मोबाईलवरून औषध घेऊ नका. डॉक्टरला विचारायचे प्रश्न त्यातून घ्या.

तर कुणी पिशवी काढायला सांगितली की हे पाच प्रश्न. पाठ करा.

एक, मला काय झालंय त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. दोन, आतून तपासलं का? नुसत्या मशीनवर ठरवू नका. तीन, औषधानं बरं व्हायला वाव आहे का, आणि ऑपरेशन याच आठवड्यात का? चार, नेमकं काय काढणार, पिशवीच का बीजकोशही? पाच, काढलेला भाग तपासायला पाठवणार का, आणि त्याचा कागद मला देणार का?

मग तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं जा. यात उद्धटपणा नाही, हक्क आहे. समीरा कोहली नावाच्या एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या तपासणीसाठी भुलीखाली होत्या, त्या वेळी आईची सही घेऊन त्यांची पिशवी आणि बीजकोश काढले गेले. २००८ साली न्यायालयानं सांगितलं, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीनं दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे पिशवी काढायला दिलेली संमती नव्हे. तातडीनं जीव वाचवायचा असेल ती गोष्ट वेगळी. म्हणजे नवऱ्याच्या सहीवर आपली पिशवी काढता येत नाही. आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. रुग्णाच्या हक्कांची सनद दवाखान्यात लावायची, असा महाराष्ट्राचा नियम २०२१ पासून आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं विनाकारण पिशव्या काढण्यावर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं. नियम आहेत. ते भिंतीवर असतात, आपल्या तोंडात यायला हवेत.

एकटीच्या तोंडात ते येत नाहीत, हेही मला माहीत आहे. माझ्या धाकट्या जावेलाही माझंच दुखणं झालं. तिलाही एका ठिकाणी पिशवी काढायला सांगितलं. त्या वेळी मी सोबत होते. आम्ही कागद मागितला आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी आतून तपासलं. जंतुसंसर्ग निघाला. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिच्या नवऱ्यालाही. दीर म्हणाले, ''मला काय झालंय? मी नाही खाणार.'' मी समोर बसून त्यांना पहिली गोळी घ्यायला लावली. (हशा) त्यांनी घेतली नसती तर तिला पुन्हा झालं असतं. आज तिची पिशवी जागेवर आहे. तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की तिच्यासोबत कुणी तरी होतं.

म्हणून माझी एकच मागणी आहे. महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की पंधरा मिनिटं या प्रश्नांना द्या. आमच्या गटात आम्ही तसं सुरू केलं. नियम एकच : कुणीही 'जावेचं' म्हणून विचारावं, आणि जाऊ कोण ते कुणी विचारायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. उत्तर येत नसेल तर आशाताईला, सिस्टरला बोलवायचं. दवाखान्यात जायचं तर दोघी जायचं.

मागच्या बैठकीत एका पन्नाशीच्या मावशींनी विचारलं, ''जावंचं अंग बाहेर येतंय, दहा वर्षं झाली, आता काही होईल का?'' आम्ही म्हटलं, होईल, तपासून घेऊ. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''जाऊ नाही वो, मीच हाय. कोण येतं माझ्यासंगं?''

तिघींनी हात वर केले. येत्या सोमवारी त्यांना घेऊन परभणीला जायचंय. तुमच्या गावातून कुणाला यायचं असेल, तर जाताना मला सांगा.